ओटा कुणाच्या मापाचा?

नव्या फ्लॅटचं काम सुरू असताना घरात दोन कोनांची चर्चा व्हायला हवी. एक आग्नेय कोन, म्हणजे गॅस कुठे ठेवायचा. दुसरा कोपराचा कोन, म्हणजे त्या गॅससमोर उभं राहून हात किती वर उचलायचा. पहिल्यावर वास्तुवाल्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे तासभर बोलतात. दुसऱ्याचं नावही निघत नाही. ग्रॅनाईट काळा की हिरवा, ट्रॉल्यांचं लॅमिनेट मॅट की ग्लॉसी, हे घरातल्या बाईला आवर्जून विचारलं जातं. उंची मात्र मिस्त्रीच्या डोक्यात आधीच ठरलेली असते. किती ठेवली असं विचारलंच, तर उत्तर येतं, ‘स्टँडर्ड आहे, मॅडम.’

हे स्टँडर्ड नेमकं किती? जुन्या चाळींत आणि वाड्यांच्या जागी पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या इमारतींत २८ ते ३० इंचांचे कडप्प्याचे ओटे सापडतात. पुढे ३२ ते ३४ इंच रुळलं. आता मॉड्युलर किचनवाले ३५-३६वर गेलेत. म्हणजे स्टँडर्ड सरकत राहिलंय, आणि बायकांची उंची वाढली म्हणून ते सरकलेलं नाही. ओट्याखाली काय ठेवायचं ते बदलत गेलं. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर रेग्युलेटरसकट ओट्याखाली उभा राहायचा तर साधारण २६-२७ इंच मोकळी जागा हवी. वर कडप्पा, माल आणि ग्रॅनाईट धरा, की ३० इंचांच्या खाली यायची सोयच उरत नाही. अलीकडे सिलिंडरची जागा डिशवॉशरने घेतली. वरचं झाकण काढलं तरी त्याला ८२ सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते, म्हणून ओटा ८५च्या पुढे. सिलिंडरला माप आहे, मशीनला माप आहे. ओट्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईलाही एक माप आहे, तेवढं कुणी घेत नाही.

ते माप असं. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ५ फूट. माणसाचं कोपर जमिनीपासून त्याच्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर असतं. म्हणजे १५२ सेंटिमीटरच्या बाईचं कोपर येतं ९६ सेंटिमीटरवर, पावणेअडतीस इंचांवर. ४ फूट ९ इंचांच्या बाईचं येतं ९१वर. ३६ इंच म्हणजेही ९१ सेंटिमीटरच. तेव्हा मॉड्युलरवाल्याचा ‘इंटरनॅशनल हाइट’ ओटा या बाईच्या बरोबर कोपराला टेकतो. त्यावर पोळपाट, पोळपाटावर लाटी. तिने दाब द्यायचा कुठून?

उभ्याने करायच्या कामाचा साधा नियम कारखान्यांमध्ये कित्येक दशकं माहीत आहे. बारीक, नजरेचं काम कोपराच्या थोडं वर. हलकं हातकाम कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली. ज्यात अंगाचा भार टाकायचा, ते १५पासून पार ४० सेंटिमीटर खाली. सुताराचं रंदा मारायचं बाक कमरेखाली असतं आणि घड्याळजी टेबल छातीशी घेऊन बसतो, ते यामुळेच. स्वयंपाकात ही तिन्ही प्रकारची कामं आहेत, आणि वर उकळतं भांडं नि पाण्याने भरलेलं सिंक. आपण ती सगळी एका सपाट दगडावर आणून ठेवली.

एकेक काम घेऊन बघू. ओटा ३३ इंच, बाई ५ फुटी.

भाजी चिरायला ३३ इंच उत्तम. कोपराच्या १२-१३ सेंटिमीटर खाली हात चालतो, खांदे सैल राहतात. म्हणजे हे स्टँडर्ड अगदीच हवेतून आलेलं नाही, फक्त ते एकाच कामाचं स्टँडर्ड आहे.

कणीक मळायला तोच ओटा उंच पडतो. परातीचा तळ ओट्यावर आणि कणकेचा गोळा त्याच्याही वर. मळताना दाब यायला हवा पाठीच्या आणि खांद्याच्या वजनातून; इथे तो येतो मनगटातून. म्हणूनच दोन-चार पोळ्यांची कणीक ओट्यावर मळली जाते, पण वीस माणसांची परात आजही खाली फरशीवर घेतली जाते. लोक ही जुनी सवय म्हणतात. सवय कसली, शरीराने काढलेला तोडगा आहे तो. भाकरी थापणाऱ्या हातांचंही तेच. काठवट जमिनीवर असली की तळवा सरळ वरून पडतो, ओट्यावर ठेवली की कोपर बाजूला फाकतं.

पोळ्या लाटतानाचा प्रकार तर बघण्यासारखा असतो. उंच ओट्यावर लाटणारी बाई पोळपाट हळूहळू अगदी कडेला ओढून आणते, टाचा किंचित उचलते आणि दोन्ही खांदे कानांकडे नेते. ते तिच्या लक्षातही येत नाही. वीस पोळ्या होईपर्यंत खांदे तिथेच अडकलेले. सतत आखडून राहिलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून हलत्या हातापेक्षा न हलणारा खांदा आधी दुखतो. रात्री ती म्हणते, ‘मानेत भरलंय.’ मग तेल, शेक, उशी बदलणं. ओट्यावर संशय जात नाही.

गॅसपाशी हे आणखी वाढतं. ओटा ३३, त्यावर शेगडी ४-५ इंच, त्यावर ५ लिटरच्या कुकरचं भांडं ६-७ इंच. भांड्याची कड आली ४४ इंचांवर, ११२ सेंटिमीटरवर. म्हणजे कोपराच्या सहा इंच वर. आत बघायचं तर मान पुढे, ढवळायचं तर कोपर बाजूला हवेत, आणि वाफ थेट चेहऱ्यावर. कढईत पुऱ्या तळताना झारा धरलेला हात तेलाच्या वर न राहता तेलाच्या पातळीला येतो. मनगटावरचे ते लहान लहान डाग तिथले. मिक्सर तर ओट्यावर ठेवूच नये. भांडं लावलं की झाकण ५० इंचांच्या आसपास पोचतं, खांद्याच्याही वर, आणि ते हाताने दाबून धरायचं असतं.

सिंकपाशी उलटी गंमत. इथे काम ओट्याच्या वर नसतं, खाली असतं. ८ इंच खोल सिंकचा तळ येतो २५ इंचांवर. त्यात पातेलं घासायचं म्हणजे कमरेतून वाकणं आलंच. जो ओटा गॅसजवळ खांदे उचलायला लावतो, तोच चार फुटांवर कंबर वाकवायला लावतो. शिवाय मिस्त्री सिंक ओट्याच्या कडेपासून ४-५ इंच आत बसवतो, कारण पुढची पट्टी अरुंद ठेवली तर कापताना किंवा उचलताना ग्रॅनाईट तिथेच तडकतो. त्याचं कारण खरं आहे, पण किंमत दुसरीच मोजते: तेवढं पुढे झुकायचं आणि पोट ओल्या कडेला टेकवायचं. एखाद्या घरातला ओटा बरोबर आहे की चुकलाय हे टेपशिवाय ओळखायचं असेल, तर भांडी झाल्यावर गाऊनवर पोटाशी उमटलेली ओली आडवी पट्टी बघावी.

आता जिथे स्वयंपाकाचे पैसे मिळतात तिथे जाऊ. कोणत्याही बऱ्या हॉटेलच्या भटारखान्यात दोन-तीन उंच्या हमखास दिसतात. भाजी-आमटीची बर्नर रेंज ३३-३४ इंचांवर. पण जिथे मोठं पातेलं चढतं ती शेगडी जेमतेम १८ इंचांची, गुडघ्याएवढी, म्हणजे पातेल्याची कड आचाऱ्याच्या कमरेपाशी राहते आणि उलथनं वरून चालतं. लग्नाच्या मांडवात आचारी विटा रचून भट्टी लावतो तेव्हा तोही डेगीचं पोट बघून विटा कमीजास्त करतो. त्याला कुणी एर्गोनॉमिक्स, म्हणजे कामाची जागा शरीराच्या मापाने आखायचं शास्त्र, शिकवलेलं नाही. त्याला एवढंच कळतं की उद्याही हात चालला पाहिजे, कारण उद्याचीही सुपारी घेतलीय. घरात मात्र ३ लिटरचं दुधाचं पातेलं, तवा, इडलीचा कुकर आणि दिवाळीतल्या चकल्यांची कढई यांना एकच उंची.

माझा मुद्दा एवढाच आहे: घरच्या ओट्यासमोर होतं त्याला आपण काम मानत नाही, म्हणून त्याची जागा कामाच्या मापाने बांधत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात ६ वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करताना आढळल्या, आणि त्या कामाला त्यांची सरासरी २९९ मिनिटं जात होती. पुरुषांत २६.१ टक्के, ९७ मिनिटं. पाच तासांची पाळी झाली ही. कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्याला १९४८च्या कारखाने कायद्याच्या ४४व्या कलमाने बसायची सोय दिली. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या सेल्सवुमननी लढा दिल्यावर केरळने २०१८मध्ये दुकानांसाठी तसाच कायदा केला, तमिळनाडूने २०२१मध्ये. स्वयंपाकघरात स्टूल ठेवलं तर लोक त्यावर पाण्याचा पिंप ठेवतात.

स्टुलाचीही एक कथा आहे. आज जगभर दिसणारं आटोपशीर, भिंतीला लागून ओटा असलेलं स्वयंपाकघर ज्यातून आलं, ते ‘फ्रँकफुर्ट किचन’ मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या आर्किटेक्टने १९२६मध्ये आखलं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. कामगारांच्या सरकारी घरांत अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली. बाईचा वेळ वाचावा म्हणून तिने पावलं मोजली, मिनिटं मोजली. गंमत म्हणजे तिला स्वतःला स्वयंपाक येत नव्हता, आणि ते ती उघड सांगायची. पण तिने एक गोष्ट केली होती: खिडकीखाली कामाचं टेबल आणि त्याला फिरतं स्टूल, बसून चिरण्या-निवडण्यासाठी. पुढे आखणी जगभर गेली. स्टूल वाटेतच राहिलं.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे. आपल्या आज्या खाली बसून सगळं करायच्या, त्यांचे गुडघे बघा, म्हणून चूल जमिनीवरच बरी होती. हे म्हणणाऱ्यांनी चुलीपुढे फुंकणीने जाळ काढून बघावा. बसकी चूल, धूर, दर दोन मिनिटांनी उठबस, विहिरीवरचं पाणी, यातून उभ्याच्या ओट्याने सुटका केली आणि ती खरीच सुटका होती. एक मात्र मान्य करायला हवं. जमिनीवरच्या स्वयंपाकात उंची जुळवून घेता यायची. बसायला पाट घेतला की चार बोटं वर, मांडी घातली की खाली, एक पाय विळीवर. पाटा-वरवंटा सगळ्यात खाली, कारण त्याला अंगाचा जोर हवा. चुलीच्या वैलावर मंद आच, मुख्य तोंडावर मोठी. ओट्यावर येताना बाई उभी राहिली, पण जुळवून घ्यायची ती सोय मागे राहिली. परत खाली बसायची गरज नाही. ती सोय तेवढी ओट्यात आणायची आहे.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे. आता पुरुषही स्वयंपाक करतात, मग ओटा बाईच्या मापाचा म्हणजे पुन्हा तिलाच तिथे बांधणं नाही का? ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात ‘दोघांच्या मधलं माप’ काढलं की ते दोघांनाही चुकतं, आणि घरकामाची मिनिटं २९९ विरुद्ध ९७ असताना चुकीची शिक्षा सारखी वाटली जात नाही. शिवाय एक व्यावहारिक फरक आहे. ओटा बुटका असेल तर उंच माणूस त्यावर दोन-अडीच इंच जाडीचा लाकडी पाट ठेवून चिरतो, पोळपाटाचे पाय उंच घेतो, प्रश्न मिटतो. ओटा उंच असेल तर बुटक्या माणसाने पायाखाली काहीतरी घ्यायचं, आणि हातात उकळत्या पाण्याचं पातेलं असताना पायाखालच्या पाटाची कड चुकणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तेव्हा घरात सासू ४ फूट १० आणि सून ५ फूट ५ असेल, मुलगा ५ फूट ९ असेल आणि तोही रोज उभा राहणार असेल, तरी मूळ ओटा सगळ्यात बुटक्या नेहमीच्या माणसाच्या मापाने करावा. उंच माणसाला वर यायला साधनं आहेत. त्याचं डोकं चिमणीला आपटेल ही तक्रार खरी आहे. चिमणी शेगडीच्या वर ६५ ते ७५ सेंटिमीटरमध्ये हलवता येते, तेवढं बघावं.

जपानमध्ये किचन विकणारे यासाठी एक सोपं सूत्र वापरतात: उंचीचा निम्मा भाग अधिक ५ सेंटिमीटर. १५२ला ८१, १६०ला ८५. कॅटलॉगमध्ये ८०, ८५, ९० अशा उंच्या असतात आणि चप्पल निवडावी तशी गिऱ्हाईक त्यातली निवडतं. आपल्या पोळी-भाकरीला हे सूत्र पुरेसं नाही, तरी सुरुवातीला बरं.

आपल्याकडे करायचं असेल तर असं करावं. घरात ज्या सपाता घालून वावरतो त्याच घालून भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायचं, हात अंगालगत, कोपर काटकोनात. कोपराच्या हाडाच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत दुसऱ्याकडून मोजून घ्यायचं आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करायची. त्या मापातून १२ सेंटिमीटर वजा करा; तो झाला चिरण्याचा मुख्य ओटा. २० ते २२ वजा करा. तो मळण्या-लाटण्याचा भाग. सिंकची कड मुख्य ओट्यापेक्षा २ ते ३ इंच वर. गॅसचा भाग मुख्य ओट्यापेक्षा ४ इंच खाली, म्हणजे भांड्याची कड कोपराच्या जवळपास येते.

आकडा कागदावर आला तरी विश्वास ठेवू नये. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे किंवा जुने फोन डिरेक्टरीसारखे जाडजूड ग्रंथ रचून ती उंची तयार करायची, वर पोळपाट ठेवायचा आणि खरोखरीच्या दहा पोळ्या लाटायच्या. दोन-तीन नाही, दहा. सातव्या-आठव्या पोळीला शरीर बोलायला लागतं. खांदे वर जात असतील तर गठ्ठा कमी करा, कमरेत ओढ बसत असेल तर एक गठ्ठा वाढवा. या चाचणीला पैसे लागत नाहीत. बायकोऐवजी नवऱ्याने ती देऊन उपयोग नाही, एवढंच.

मग बांधकाम. इथे बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात: माप कुठून घेतलं. मिस्त्री ओट्याच्या उभ्या भिंती किंवा कडप्पे लावतो तेव्हा खाली बऱ्याचदा फरशी नसते, कोबा असतो. त्यावर नंतर माल आणि टाइल मिळून दोन-अडीच इंच चढतात आणि ओटा तेवढा बसका होतो. वरच्या बाजूलाही तसंच, कडप्प्यावर इंचभर माल आणि १८ ते २० मिलिमीटरचा ग्रॅनाईट धरला नाही तर ओटा पावणेदोन इंच उंच होतो. कधी दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि माप बरोबर येतं. त्याला कारागिरी म्हणत नाहीत. सांगताना ‘तयार फरशी ते तयार ग्रॅनाईट’ असंच सांगावं. पाण्याच्या नळीने भिंतीवर लेव्हलची रेघ मारून घ्यावी आणि ओट्याचं माप त्या रेघेपासून खाली मोजावं, जमिनीपासून वर नाही. पुढे कधी जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवली तर जमीन पाऊण इंच वर येते, आणि जुन्या कडप्प्यावर ग्रॅनाईट चढवला तर ओटा इंचभर. रिनोव्हेशननंतर पाठ का दुखायला लागली याचं उत्तर पुष्कळदा या इंचात असतं.

दोन उंच्यांच्या ओट्याला मिस्त्री कुरकुरतो, आणि त्याची दोन कारणं खरी आहेत. पायरी पडते तिथल्या कोपऱ्यात तेल आणि पाणी साचतं. तिथला सांधा इपॉक्सीने भरून घ्यावा आणि गॅसच्या भागाची लांबी शेगडीपेक्षा दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त ठेवावी, नाहीतर कढईचा दांडा पायरीला अडतो. दुसरं कारण सिंकचं. ओट्याचा उतार नेहमी सिंककडे असतो. सिंक वर घेतलं की पाणी उलटं ओट्यावर येतं. त्यासाठी सिंकचा भाग वेगळा धरून त्याला भोवती बारीक कड द्यावी आणि भांडी निथळायची जागा सिंकच्याच पातळीवर घ्यावी. गॅस खाली घेतला तर सिलिंडर त्याच्याखाली बसणार नाही, हेही आधी धरावं. तो बाजूच्या उंच भागाखाली जातो. नळी तपासता येईल अशी जागा ठेवायची, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा वरच राहिली पाहिजे. पाइपचा गॅस आलेल्या घरात ही अडचणच नाही, पण तिथेही ओटे जुन्या सिलिंडरच्या मापाचेच बांधले जातायत.

पायांचं कुणी बोलत नाही. ट्रॉल्या ग्रॅनाईटच्या कडेला भिडवून लावल्या की पावलं पुढे सरकायला जागा राहत नाही आणि बाई ओट्यापासून चार बोटं लांब, पुढे झुकून उभी राहते. खाली ४ इंच उंच आणि ३ इंच खोल खोबण हवी, ग्रॅनाईट ट्रॉलीच्या इंचभर पुढे हवा, आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी गळून पडायला एक खाच. हे सांगितलं नाही तर होत नाही, कारण खोबणीने ट्रॉलीची खोली कमी होते आणि ती विकताना दिसते.

वरची कपाटं थोडक्यात उरकतो. ओटा २४ इंच रुंद असला की ५ फुटी बाईचा हात त्याच्या पलीकडे साधारण पावणेसहा फुटांपर्यंतच पोचतो. त्याच्या वरचा प्रत्येक कप्पा म्हणजे ओट्यावर चढण्याचं आमंत्रण. माळा वेगळा आहे, तिथे वर्षातून दोनदा जायचं असतं. रोजचा डबा तिथे जाऊ नये.

ज्यांचा ओटा आधीच बांधलेला आहे, त्यांनी फोडाफोडीला लागू नये. सिंकच्या तळाशी २-३ इंच उंच स्टीलची जाळी ठेवली की भांडी वर येतात. उंच शेगडीच्या जागी ओट्यात बसणारा हॉब घेतला की भांड्याची कड २-३ इंच खाली उतरते. ओट्याच्या शेजारी, जिथे फ्रिजजवळ दीड-दोन फूट रिकामे असतात, तिथे ३० इंचांचं मजबूत घडीचं टेबल लावलं की मळणं-लाटणं तिकडे हलतं. मिक्सरला खालच्या ट्रॉलीवर सरकती फळी. आणि २४ इंचांचं एक स्टूल, ज्यावर पिंप ठेवायचा नाही.

या सगळ्यात एक बाई राहून गेली. शहरातल्या कित्येक घरांत ओट्यासमोर सगळ्यात जास्त वेळ घरची बाई नसतेच. पोळ्यांच्या मावशी असतात. सकाळी सहा ते अकरा, पाच घरं, पाच उंच्या. पहिल्या घरात खांदे वर, दुसऱ्यात कंबर खाली. तिचं माप पाचही घरांतल्या कुणी घेतलेलं नाही आणि घेऊन एकाच घराला बदल करता येईल असंही नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. त्यात ओट्याची उंची येणार नाही, येऊही नये. पण पोळपाट ठेवायला ते खालचं टेबल आणि बसायला स्टूल आहे का, हे घरचे लोक ठरवू शकतात. मावशी बसून लाटायला लागल्या तर ‘आळशी आहे’ असं म्हणायचं नाही, हे मात्र बऱ्याच घरांना जड जाईल.

आणि सार्वजनिक भाग इथूनच सुरू होतो, कारण ज्यांना ओटा निवडता येत नाही त्यांचीच संख्या मोठी आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर ३०० चौरस फुटांचं, त्यात ओटा कंत्राटदाराने लावून दिलेला. म्हाडाच्या लॉटरीतलं घर तसंच. राष्ट्रीय इमारत संहिता स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद हवं म्हणते, छताची उंची २.७५ मीटर हवी म्हणते. छतापर्यंतची उंची आहे, खिडकी आहे. हात जिथे चालायचा ती पातळी गवंड्यावर सोडून दिलेली. सरकार स्वतः घरं बांधतं तिथे तरी हे बदलायला कायदा लागत नाही. एका मजल्यावर २८, ३०, ३२ आणि ३४ इंचांचे नमुन्याचे चार ओटे ठेवा, ताबा घेणाऱ्या कुटुंबातल्या रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला तिथे दहा मिनिटं उभी करा, आणि तिने निवडलेला आकडा घेऊन मग ग्रॅनाईट बसवा. ओटा तसाही सगळ्यात शेवटी बसतो, चोरीला जाऊ नये म्हणून. दगड तोच, माल तोच, मजुरी तीच. फरक फक्त उभ्या कडप्प्याच्या कापाचा.

बिल्डरच्या करारनाम्यात सुखसोयींचं जे परिशिष्ट असतं त्यात नळाची कंपनी असते, टाइलचं माप असतं, ओट्यामागे किती फुटांपर्यंत टाइल लावणार तेही असतं. ओट्याबद्दल लिहिलेलं असतं: ‘ग्रॅनाईट ओटा, स्टेनलेस स्टील सिंकसह.’ त्या ओळीत ‘उंची: ग्राहकाच्या मापाप्रमाणे, २८ ते ३६ इंच’ एवढे शब्द मावण्याइतकी जागा कागदावर आहे.